आधी पाणी, मग पाया

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील आमच्या गावांतून पोटासाठी पुण्या-मुंबईकडे आणि हैदराबादेकडे जाणाऱ्यांची रीघ आजही थांबलेली नाही. मागे उरलेली कुटुंबे गळक्या छपराखाली पावसाळा काढतात. अशा स्थितीत एखादे सेवाभावी मंडळ गरिबांसाठी घरे बांधण्याचा संकल्प करते, तेव्हा त्याचे स्वागत करणे हे आमचे कर्तव्यच ठरते. परंतु संकल्प सोडणे निराळे आणि वस्ती वसविणे निराळे! हा भेद समजून घेण्यास दूर जावयास नको.

शेजारच्या सोलापुराकडे पाहावे. तेथील विडी कामगार स्त्रियांची गोदूताई परुळेकरांच्या नावाने सहकारी संस्था निघाली आणि कुंभारी येथे १० हजार घरे उभी राहून २००६ साली त्यांच्या हाती आली. खर्चाचा भार केंद्र सरकार, राज्य सरकार व स्वतः कामगार स्त्री अशा तिघांनी उचलला. त्यापुढची रे नगरची योजना ३० हजार घरांची. त्यांपैकी १५ हजारांचे हस्तांतर १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. ह्यातील मर्म आकड्यांत नाही. तेथे आधी माणसे संघटित झाली, मग घरे बांधली गेली. दात्याने दिलेल्या घरात मनुष्य उपकृत होऊन राहतो. स्वतःचा वाटा घातलेल्या घरात तो धनी म्हणून राहतो.

उलट बाजूचा धडा किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर सरकार आणि अनेक संस्था धावून आल्या व नवी गावे वसली, ह्याबद्दल कृतज्ञताच हवी. परंतु सरळ रांगांतील त्या घरांत बैल कोठे बांधावा, कडबा कोठे रचावा, ह्याचा विचार कित्येक ठिकाणी राहून गेला. घर भूकंपाला टिकले, पण शेतकऱ्याच्या संसाराला अपुरे पडले.

म्हणून आमचे मंडळांना आग्रहाचे सांगणे आहे. कोनशिलेची घाई करू नका. जमिनीचा उतारा निर्वेध आहे काय, हे प्रथम पाहा. मग पाणी पाहा. बीदरच्या बहमनी राज्यकर्त्यांनी जांभ्याच्या पठाराखालून कारेज खोदून पाणी खेळविले. पाण्यावाचून वस्ती नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. मांजरेकाठच्या काळ्या जमिनीत पाया खोल व पक्का घ्या, कारण ती माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. जी स्त्री घरीच काम करून मिळविते, तिचे घर हाच तिचा कारखाना. तेथे उजेड आणि वारा हवाच. घर तिच्या नावावर हवे. हप्ता मजुरीच्या हंगामाप्रमाणे बसवावा, ठरलेल्या तारखेच्या हट्टाने नव्हे.

आणखी एक गोष्ट. जो करारावर अंगठा किंवा सही करणार, त्याला त्यातील प्रत्येक अट त्याच्या मायबोलीत वाचावयास अथवा ऐकावयास मिळाली पाहिजे. सीमाभागात भाषेचा प्रश्न केवळ अभिमानाचा नाही. न समजलेल्या एका कलमापायी छप्पर जाऊ शकते.

भिंती पैशाने उभ्या राहतात, वस्ती विश्वासाने उभी राहते. मंडळांनी प्रथम माणसांच्या ओसरीवर बसावे, आराखडा त्यानंतर काढावा.