चित्र कोणाचे, शरीर कोणाचे?



आरोग्याच्या प्रश्नावर काम करणारे गट अलीकडे एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत आहेत. वर्षानुवर्षे शिबिरांतून वापरलेले आपले तक्ते, पोस्टर, चित्रपट्ट्या विकिपीडियावर टाकाव्यात का? आणि टाकायच्या तर परवानगी कोणाची घ्यायची? प्रश्न ऐकायला तांत्रिक वाटतो. कॉपीराइट म्हटले की आपल्यापैकी अनेकींना ते प्रकाशकांचे आणि वकिलांचे काम वाटते. पण बाईच्या शरीराचे चित्र कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न वकिलांवर सोडून देण्यासारखा नाही. म्हणून या अंकाची ही पाने त्यासाठी.

विकिपीडिया हा कोणीही लिहावा आणि कोणीही दुरुस्त करावा असा ज्ञानकोश. तो २००१ साली सुरू झाला, मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. त्यातली बहुतेक चित्रे मात्र सगळ्या भाषांना सामायिक अशा एका भांडारातून येतात. त्याचे नाव विकिमीडिया कॉमन्स, सुरुवात २००४. तिथे एकदा चित्र ठेवले की मराठी, कन्नड, स्वाहिली, कोणत्याही भाषेतल्या लेखात ते वापरता येते. या भांडाराची अट स्पष्ट आहे. चित्र जगात कोणालाही, कशासाठीही, अगदी पैसे कमावण्यासाठीसुद्धा वापरता आले पाहिजे. 'फक्त शिक्षणासाठी' किंवा 'नफ्यासाठी नाही' असे लिहिलेले चित्र तिथे घेत नाहीत. आणि अशी परवानगी एकदा दिली की मागे घेता येत नाही.

आता मोबाइलवर शरीराची माहिती शोधणाऱ्या मुलीला काय दिसते ते पाहू. शरीररचनेच्या लेखांत पुष्कळ जुनी रेषाचित्रे आहेत, ती 'ग्रेज ॲनाटॉमी' या पुस्तकातली. हे पुस्तक १८५८ साली लंडनमध्ये निघाले. चित्रे काढली हेन्री व्हॅनडाइक कार्टर या तरुण डॉक्टरने. त्याच वर्षी तो मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला आणि पुढे कुष्ठरोगावर त्याने मोठे काम केले. पुस्तक चालले ग्रेच्या नावाने. कार्टरच्या हाती एकरकमी मोबदला आला, पुढच्या विक्रीतला वाटा नाही. या पुस्तकाच्या १९१८ च्या अमेरिकन आवृत्तीचा कॉपीराइट संपला आहे, म्हणून त्यातली चित्रे आज सगळ्यांना खुली आहेत.

कार्टरवर अन्याय झाला हे खरेच. पण त्याच्या टेबलावर कोण होते? इंग्लंडमध्ये १८३२ साली कायदा झाला आणि ज्यांना न्यायला कोणी आले नाही अशा गरिबांची प्रेते शवविच्छेदनासाठी मिळू लागली. गरीबखान्यांत मेलेली माणसे. त्यांना कोणी विचारले नव्हते. त्या चित्रांवरचा हक्क कधीतरी संपला. त्या शरीरांची परवानगी मात्र कधी घेतलीच गेली नव्हती. ही दोन वाक्ये वेगळी आहेत, आणि आमचे म्हणणे याच फरकाबद्दल आहे.

फुकट मिळणारे चित्र बहुधा जुने असते, आणि जुन्या चित्रात बाई अर्धीच असते. क्लिटोरिसचेच घ्या. शिश्निका हा मराठी शब्द किती जणींना माहीत आहे? शरीररचनेच्या पुस्तकांत या अवयवाला कधी एक ठिपका मिळाला, कधी तेवढेही नाही. हेलन ओकॉनेल या ऑस्ट्रेलियन शल्यविशारद बाईंनी १९९८ साली दाखवून दिले की बाहेर दिसतो तो या अवयवाचा छोटासा भाग आहे, बाकीचा आत पसरलेला आहे. १९९८! माणूस चंद्रावर जाऊन आल्याला एकोणतीस वर्षे झाली होती. नवी, अचूक चित्रे प्रकाशकांच्या नियतकालिकांत आणि महागड्या पुस्तकांत असतात आणि त्यांवर त्यांचा हक्क असतो.

कातडीच्या रंगाचेही तेच. रक्त कमी झाले की चेहरा 'पांढराफटक' होतो, पुरळ 'लालचुटूक' दिसते, ही वर्णने गोऱ्या कातडीची. आपल्याकडच्या सावळ्या बाईचा पांडुरोग पापणीच्या आत, जिभेवर, तळहातावर पाहायचा असतो. काळ्या आणि तपकिरी कातडीवर आजाराची लक्षणे कशी दिसतात याची 'माइंड द गॅप' ही पुस्तिका लंडनमधल्या मलोन मुक्वेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या दोन शिक्षकांबरोबर २०२० मध्ये तयार केली. ती करावी लागली यातच सगळे आले.

म्हणजे चित्रांची गरज आहे, आणि ती आपल्याकडून जायला हवीत याबद्दल आमच्या मनात शंका नाही. अडचण पुढे आहे.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्राचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा. तो नोकरीत असेल आणि नोकरीचा भाग म्हणून फोटो काढला असेल, तर वेगळा करार नसताना हक्क मालकाचा. सरकारी दवाखान्याच्या कामात काढला असेल तर सरकारचा. सरकारचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षे टिकतो, एरवी फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे. या सगळ्यात जिच्या गाठीचा, जिच्या टाक्यांचा, जिच्या भाजलेल्या पाठीचा फोटो आहे ती बाई कुठे आहे? कुठेच नाही. स्वतःच्या उपचारांची कागदपत्रे मागितली तर बहात्तर तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, पण कागद हातात येणे वेगळे आणि हक्क असणे वेगळे. सहृदय डॉक्टर आपल्या रुग्णालयातले फोटो उत्साहाने कॉमन्सवर चढवतात तेव्हा अनेकदा ते फोटो त्यांचेही नसतात. पुस्तकातले पान स्कॅन करून 'माझे स्वतःचे काम' असे लिहिणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

बरे, कायदा बाईला विचारत नाही, तर वैद्यकीय नीती तरी विचारते का? भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे नियम आहेत. २०२३ साली नवे नियम आले आणि तीन आठवड्यांत स्थगित झाले, जुने पुन्हा लागू झाले. त्यात असे आहे की रुग्णाची ओळख पटेल अशा रीतीने तिचा फोटो किंवा तिची केस तिच्या परवानगीशिवाय छापू नये. ठीक. पुढे मात्र म्हटले आहे की ओळख उघड होणार नसेल तर संमतीची गरज नाही. पुन्हा एकदा वाचा. डोळ्यांवर काळी पट्टी ओढली की विचारायचे कारण उरत नाही. आणि योनीच्या, स्तनाच्या फोटोत तर चेहराच नसतो, म्हणजे विचारायचा प्रश्नच मिटला. जगभरातल्या वैद्यकीय संपादकांच्या समितीने डोळे झाकणे पुरेसे नाही असे स्पष्ट सांगितले आहे. पण आमचा आक्षेप त्याहून मुळातला आहे. ओळख पटणे हा एक धोका झाला. चेहरा नसलेले शरीरसुद्धा कोणाचे तरी असते, आणि तिला विचारायला हवे ते ते तिचे आहे म्हणून.

कॉमन्सवर दुसऱ्याचे चित्र चढवायचे तर हक्कधारकाने ई-मेलने परवानगीपत्र पाठवायचे असते. ते पत्र मालकीबद्दल असते. 'हे काम माझे आहे, अमुक परवान्याखाली मी ते खुले करत आहे.' पत्र चोख, सही चोख, आणि बाई गैरहजर.

याचे काय होऊ शकते ते २००७ साली दिसले. अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलीचा फोटो ओळखीच्या माणसाने काढून इंटरनेटवर खुल्या परवान्याखाली ठेवला. ऑस्ट्रेलियातल्या मोबाइल कंपनीने तो उचलला आणि जाहिरातीत मुलीची खिल्ली उडवणारी ओळ घालून रस्त्यावर लावला. मुलीला आणि घरच्यांना पत्ताच नव्हता. ते कोर्टात गेले. फोटो काढणाऱ्याने दिलेला परवाना कागदावर बरोबर होता. तो साधा हसरा फोटो होता. त्या जागी गर्भपातानंतरच्या तपासणीचा फोटो असता तर?

कोणी म्हणेल, मग संमतीपत्र भरून घ्या, झाले. संमतीपत्रांचा इतिहास आपल्याला कोणी शिकवायला नको. नेट-एनच्या चाचण्यांत बायकांना नीट काहीच सांगितले जात नाही हे पाहून स्त्री-संघटना १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २००९-१० मध्ये आंध्रात एचपीव्ही लशीच्या प्रकल्पात वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या वतीने वॉर्डननी सह्या केल्या. टेबलावर झोपलेल्या बाईपुढे धरलेला कागद आणि शाई लावलेला अंगठा याला आम्ही संमती मानत नाही.

खरी संमती घ्यायची तर तिला काय काय सांगावे लागेल? की हा फोटो जगात कोणीही पाहील, उतरवून घेईल, बदलेल, विकेलसुद्धा. औषध कंपनी वापरेल, आणि वाह्यात माणसेही वापरतील. आता तर यंत्रांना शिकवण्यासाठी असे फोटो लाखांनी गोळा केले जातात, त्यातही जाईल. उद्या तुझे मन बदलले तर इथून काढता येईल कदाचित, पण पसरलेल्या प्रती परत येणार नाहीत. हे तिच्या बोलीत, तिच्यावर उपचार न करणाऱ्या बाईने, फोटो तिला दाखवून सांगायचे. घरी जाऊन विचार करायला आठ दिवस द्यायचे. 'नाही' म्हटले तर औषधपाण्यात फरक पडणार नाही, हे नुसते बोलून चालत नाही, तिला तसे वाटले पाहिजे. एवढे करून ती हो म्हणाली, आणि काही जणी नक्की म्हणतील, तर तो फोटो मानाने जावा. यातले एकही गाळले असेल तर तो जाऊ नये, मग कॉपीराइटचे कागद कितीही स्वच्छ असोत.

चित्रांचे तसे नाही. आपण काढलेली रेषाचित्रे मोकळ्या मनाने द्यावीत, असे आमचे मत झाले आहे. त्यासाठी राजस्थानातल्या एका पुस्तकाची आठवण करून देतो. 'शरीर की जानकारी'. खेड्यातल्या बायकांनी आरोग्य-कार्यशाळांतून ते तयार केले, काली फॉर विमेनने १९८९ साली छापले. आधी चित्रांत नग्न बाई होती. गावातल्या बायका म्हणाल्या, आमच्याकडे अशी बाई कधी दिसते का? मग त्यांनी घागरा-ओढणीतली बाई काढली आणि वर कागदाची झडप लावली. उचलली की आतले शरीर दिसते. खोटे काही नाही आणि लाजही राखली. कर्त्या म्हणून पंचाहत्तर बायकांची नावे छापावीत आणि खेड्यातल्या बाईला ते खर्चाच्या किमतीतच मिळावे, या अटी बायकांनीच घातल्या. परवाना, श्रेय, किंमत हे सगळे त्यांनी कायद्याचे पुस्तक न उघडता ठरवले होते.

इथे आमच्यातल्याच काही जणी अडतात. नफ्यासाठी वापरू द्यायचे? आपण आयुष्यभर उलट सांगत आलो. डेव्हिड वर्नर यांच्या 'व्हेअर देअर इज नो डॉक्टर'ने तर पहिल्या पानावरच म्हटले होते की चित्रांसकट काहीही न विचारता उतरवा, फक्त फुकट किंवा खर्चाच्या किमतीत वाटा. आपण त्याच मुशीतल्या. पण याच अटीमुळे अशी चित्रे कॉमन्सवर जाऊ शकत नाहीत, आणि जागतिक आरोग्य संघटनेचे बहुतेक साहित्यही याच कारणाने अडते. शिवाय नफा म्हणजे कोणता? वीस रुपयांना दिनदर्शिका विकणारा बचतगट की कंपनी? आम्हाला 'श्रेय द्या आणि बदलून वापराल तर तेही असेच खुले ठेवा' ही अट जास्त भावते. कंपनीने आपले चित्र घेऊन सुधारले तर ते सुधारलेले चित्र पुन्हा आपल्याला मिळते. गर्भाशयाच्या चित्रातून कोणी चार पैसे मिळवले तर कोणा बाईची बेअब्रू होत नाही. फोटोतून होऊ शकते.

चित्र कोणाचे पाहून काढायचे हाही प्रश्न येतो. माहितीवर कॉपीराइट नसतो, ती मांडण्याच्या रूपावर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच हे म्हटले आहे. तेव्हा नवे संशोधन वाचून, डॉक्टर मैत्रिणीकडून तपासून आपले चित्र आपण काढावे. पुस्तकावर ट्रेसिंग पेपर ठेवू नये.

आणि चित्रकर्तीला मानधन दिले म्हणजे हक्क गटाचा झाला, असे समजू नका. लेखी हवे, सही हवी. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. खुला परवाना जगभरासाठी आणि कायमचा असतो, म्हणून हे दोन्ही शब्द पत्रात पाहिजेत. चित्रकर्तीचे नाव चित्राबरोबर राहिले पाहिजे. आपल्या चळवळीत पोस्टरांवर संस्थेचे नाव ठळक असते आणि चित्र काढणारीचे नसतेच, ही गोष्ट कार्टरपेक्षा फार वेगळी नाही.

या त्रैमासिकात आजवर आलेल्या आरोग्यविषयक रेषाचित्रांच्या चित्रकर्तींना आम्ही पत्रे लिहायला घेतली आहेत. ज्यांचा लेखी होकार येईल त्यांचीच चित्रे कॉमन्सवर जातील. आमच्या कपाटातले शिबिरांचे आणि दवाखान्यांचे फोटो कपाटातच राहतील. तुमच्या गटाकडे तक्ते असतील तर ते कोणी काढले, कोणत्या साली, कशावरून, आणि चित्रासाठी कोणी बसली असेल तर तिला आज विचारता येईल का, एवढे दिवाळीपूर्वी लिहून कळवा. चित्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने काही लिहिलेले असेल तर तेही उतरवून पाठवा, बरेचदा नाव तिथेच सापडते.

– संपादक मंडळ