वगळलेला आजार

आरोग्य विम्याची पॉलिसी सहसा कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. वाचलीच, तर वगळलेल्या बाबींमध्ये क्रमांक 12 भेटतो. दारू, अमली पदार्थ किंवा कुठल्याही व्यसनावरचे उपचार आणि त्या व्यसनाचे परिणाम, यांचा खर्च मिळणार नाही. कंपनी बदलून फारसा उपयोग नाही. हा मजकूर विमा नियामकानेच 2019 मध्ये ठरवून दिला आहे.

त्याच्या दोनच वर्षे आधी संसदेने मानसिक आरोग्य सेवा कायदा केला होता. दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था त्याच्या कलम 2 मधल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्पष्ट शब्दांत आहेत. शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजाराला द्या, असे कलम 21 कंपन्यांना बजावते. म्हणजे कायद्याच्या लेखी हा आजार. पॉलिसीच्या लेखी, तुमचे तुम्ही निस्तरा.

यावरचे उत्तर ठरलेले असते. स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेल्या दुखण्याचा भार इतरांच्या हप्त्यांवर का टाकायचा? पण मधुमेही माणसाचा दावा मंजूर करताना त्याने जिलेब्या किती खाल्ल्या, हे कोणी विचारत नाही. विचारूही नये. मग ही झाडाझडती एकाच आजाराच्या वाट्याला का?

खरी मेख आहे ती ‘परिणाम’ या शब्दात. दारूने यकृत बिघडून नवऱ्याच्या पोटात पाणी झालेले असते. बायको डॉक्टरांना बाजूला घेऊन हळूच सांगते, “पेपरवर दारूचं लिहू नका हो, क्लेम अडकेल.” रोज पिणारा दुसरा कोणी मोडलेल्या पायाच्या ऑपरेशनसाठी दाखल होतो. दारूबद्दल घरचे अवाक्षर काढत नाहीत. दारू एकदम तुटते. दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरू लागतात, भास होतात, तो सलाइन उपसून काढतो. दारूचे आधी कळले असते, तर डॉक्टरांनी औषधे वेळेवर सुरू केली असती. उशीर झाला तर जिवावर बेतते.

व्यसनमुक्तीची पहिली पायरी कबुलीची. मुक्तांगणसारख्या केंद्रात असो की अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठकीत, सुरुवात ‘मला दारूचा आजार आहे’ हे तोंडाने म्हणण्यापासून होते. लाजेने तोंड आधीच शिवलेले असते. त्यावर विम्याने आणखी एक टाका घातला. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या पाहणीचा अहवालही 2019 चाच. दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळाले, असे तो सांगतो. या 37 जणांना दवाखान्यापर्यंत आणायचे, की त्यांना गप्प बसायला आणखी एक कारण द्यायचे?

बरे, यातून पैसे तरी वाचतात का? दारूचा उल्लेख गाळून दावा मंजूर झाला, की यकृताचे बिल कंपनी भरतेच. दार बंद होते ते खरे सांगणाऱ्याला. नियामकाने क्रमांक 12 रद्द करावा. तेवढी तयारी नसेल, तर क्रमांक 12 असताना कलम 21 कसे लागू होते, हे पॉलिसीधारकांना लेखी कळवावे.