ही गोळी किती दिवस?

‘डॉक्टर, जुनं पित्त आहे, गोळी तेवढी लिहून द्या.’ बाह्यरुग्ण विभागात हे वाक्य रोज कानावर पडते. मध्यंतरी पन्नाशीच्या एक बाई अशाच आल्या. सहा वर्षांपूर्वी कोणीतरी दिलेली गोळी त्या रोज सकाळी घेत होत्या, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय. आता जिना चढताना दम लागत होता. हिमोग्लोबिन निघाले ७. एन्डोस्कोपीत मोठा हायटस हर्निया दिसला आणि जठरावर घासून पडलेले व्रणही. त्यातून थोडे थोडे रक्त जात होते. गोळीने जळजळ दबली, पण आजार कोणी पाहिलाच नाही.

अन्ननलिका जठराला मिळते तिथला झडपेसारखा स्नायू सैल पडला की आम्ल वर येते. छातीत जळजळ होते, आंबट पाणी घशाशी येते, काहींना रात्री कोरडा खोकला येतो. जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या छिद्रातून छातीत सरकतो, तो हायटस हर्निया. बहुतेक हर्निया लहान असतात, त्यांना शस्त्रक्रिया लागत नाही.

माझा राग गोळीवर नाही. ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल ही उत्तम औषधे आहेत. ती जेवणाआधी अर्धा तास, साधारण आठ आठवडे घ्यावीत आणि मग पुन्हा डॉक्टरांना भेटावे. काहींना ती दीर्घकाळ लागतात, पण ते तपासून ठरवायचे असते. अनेक महिने घेतलेली गोळी अचानक सोडली तर आम्ल काही काळ उसळते. म्हणून तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू कमी करावी.

घास अडकणे, विनाकारण वजन घटणे, काळी शौच, रक्ताची उलटी, रक्त कमी होणे, यातले काहीही असेल तर एन्डोस्कोपी टाळू नका. छातीत दडपण येऊन घाम फुटला, तर सोडा पीत बसू नका. थेट रुग्णालय गाठा. आधी ईसीजी, पित्ताचे नंतर बघू.

गोळीच्या जोडीला घरचे उपायही कामाचे असतात. वाढलेले वजन उतरवा. तंबाखू, मशेरी आणि दारू सोडा. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू वीतभर उंच करा. नुसत्या उशा रचल्या की पोट दुमडते आणि त्रास वाढतो.

दोष फक्त रुग्णांचा नाही. ओपीडीच्या गर्दीत आम्ही डॉक्टर अंगदुखीच्या गोळीबरोबर सवयीने पित्ताचीही गोळी लिहितो आणि ती कधी थांबवायची ते लिहायला विसरतो. ती चिठ्ठी मग वर्षानुवर्षे चालते. माझ्यापुरते मी ठरवले आहे, गोळीपुढे थांबवायची किंवा फेरतपासणीची तारीख लिहायचीच. तुमच्या चिठ्ठीवर ती नसेल, तर खुर्चीवरून उठण्यापूर्वी विचारा, ‘डॉक्टर, ही गोळी किती दिवस?’