एचआयव्ही आणि पेशींचे संदेशवहन

शालेय पुस्तकांत एचआयव्हीचे वर्णन बहुधा एका ठरीव रूपकाने केलेले असते. शरीरात पांढऱ्या पेशींची सेना आहे. विषाणू तीतील सैनिक मारतो. सेना संपली की क्षुल्लक रोगही मनुष्यास पाडतो. हे रूपक खोटे नाही, परंतु ते फार अपुरे आहे. ज्यास तेवढेच ठाऊक आहे, त्यास प्रकृती ठणठणीत असताना जन्मभर रोज गोळी का घ्यावयाची, हे उमगणे कठीण.

बेंगळूरच्या सर्जापूर रोडवरील सेंट जॉन्स वैद्यकीय संस्थेच्या संशोधकांनी, स्वीडनमधील सहकाऱ्यांसह, याच गोळीविषयी एक चाचणी केली. दक्षिण भारतातील तीन केंद्रांत नव्याने उपचार सुरू झालेले ६३१ रुग्ण तीत होते. निम्म्यांस दर आठवड्यास दूरध्वनीवर आठवण दिली जाई. सुमारे दोन वर्षांनंतर दोन्ही गटांत उपचार निष्फळ ठरण्याचे प्रमाण जवळपास सारखेच आढळले, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. नुसती घंटा वाजवून भागत नाही, असा याचा अर्थ घेतल्यास तो अवाजवी होणार नाही. घंटा का वाजते, हेही सांगितले पाहिजे.

प्रतिकारशक्तीचे कार्य बव्हंशी निरोपांवर चालते. सीडी४ जातीची साहाय्यक पेशी मुख्यतः रासायनिक निरोप धाडून इतरांकडून प्रतिद्रव्ये करविते व मारक पेशींस बळ देते. विषाणू नेमका तिलाच गाठतो. सीडी४ रेणूस चिकटून तो बहुधा सीसीआर५ या दुसऱ्या रेणूच्या आधारे आत शिरतो. हा दुसरा रेणू मुळात निरोप स्वीकारण्याचे द्वार होय. आत गेल्यावर विषाणू आपल्या आरएनएची डीएनए प्रत करून ती पेशीच्या गुणसूत्रांत गोवतो.

पुढील भाग अधिक विलक्षण आहे. संकटाची वर्दी मिळताच पेशीतील एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन केंद्रकात जाऊन संरक्षक जनुके जागी करते. विषाणूच्या जनुकांच्या अग्रभागीही याच प्रथिनास बसण्याच्या जागा आहेत. घरधन्याने हाकाटी करावी आणि तिने माळ्यावरचा चोरच जागा व्हावा, तशातला हा प्रकार! भारतात प्राबल्य असलेल्या सी उपप्रकारात अशा जागा सामान्यतः तीन असतात, पाश्चात्त्य देशांतील बी उपप्रकारात दोन. चार जागांचे भारतीय विषाणूही बेंगळूरच्याच जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील अभ्यासकांनी वर्णिले आहेत.

उलटपक्षी, पेशी विसावली की गोवलेली प्रतही निद्रिस्त राहते. औषधे नव्या पेशींतील संसर्ग रोखतात. या निद्रिस्त प्रतीस त्यांचा उपद्रव पोहोचत नाही. म्हणूनच गोळ्या थांबताच बहुधा काही आठवड्यांत विषाणू रक्तात परततो.

सैनिक मरतात, हेही सर्वस्वी सरळ नाही. लसिकाग्रंथींतील मरणाऱ्या बहुतेक सीडी४ पेशी अर्धवट संसर्गाची चाहूल लागून, दाह उत्पन्न करीत, स्वतःचाच अंत घडवितात, असे अमेरिकेतील प्रयोगांनी २०१४ साली दाखविले. तो दाह नव्या पेशींस तेथे ओढून आणतो. आतड्याचे अस्तर दुबळे होऊन जंतूंचे अंश रक्तात झिरपतात, हाकाटी थांबत नाही, आणि मारक पेशी अखेरीस थकतात.

हे ध्यानात घेता, पेशींची संख्या घटेपर्यंत उपचार लांबविण्याची जुनी रीत टाकून भारताने २०१७ साली प्रत्येक बाधितास औषध देण्याचे ठरविले, ते योग्यच झाले. सरकारी केंद्रांत ते २००४ पासून विनामूल्य मिळते. मात्र रुग्णास केवळ सीडी४ची संख्या सांगून धाडणे पुरेसे नाही. रक्तातील विषाणूंचे प्रमाण त्यास नियमाने कळावे, आणि ते मोजता न येण्याइतके खाली राहिल्यास लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, हेही स्पष्ट शब्दांत सांगावे. त्या ज्ञानाचा पाया घालणाऱ्या, २०११ साली फल हाती आलेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पुणे व चेन्नई येथील जोडपी सहभागी होती. शाळेच्या पुस्तकात मात्र त्यांच्या या वाट्याविषयी एक ओळही सहसा आढळत नाही.