गर्भवती, ऊन आणि साखर : दोष कोणाच्या माथी?

१/
गर्भवतीच्या रक्ततपासणीत आज दोन आकडे वारंवार चिंतेचे निघतात : साखर वाढलेली आणि ड जीवनसत्त्व घटलेले. दोन्ही आकडे तिच्या खाती मांडले जातात आणि उपदेश सुरू होतो, 'उन्हात बसत जा, गोड कमी कर.' या उपदेशामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो पाहिला की दोष तिच्या माथी मारणे किती अन्यायाचे आहे, हे कळते.

२/
आरंभ नाशिकपासून करू. १९२२ साली हचिसन आणि शाह या दोघांनी मुडदुसाच्या कारणांवर निबंध प्रसिद्ध केला. नाशिकमध्ये त्यांना दिसले ते चक्रावणारे होते. पडदा पाळणाऱ्या खात्यापित्या मुसलमान व उच्चवर्णीय हिंदू घरांत हा रोग आढळत होता. उघड्यावर राबणाऱ्या गरिबांत, अन्न निकृष्ट असूनही, तो क्वचितच दिसे.

३/
त्या काळी मुडदूस अन्नाच्या उणिवेने होतो की उजेडाच्या, हा वाद पेटलेला होता. थिओबाल्ड पाम यांनी १८९० मध्येच सूर्यप्रकाशाकडे बोट दाखवले होते. १९१९ मध्ये बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी अतिनील दिव्याखाली मुले बरी केली. पुढे व्हिएन्नात हॅरिएट चिक यांच्या चमूने दाखवले की कॉड माशाच्या यकृताचे तेल आणि ऊन, दोन्ही गुणकारी आहेत. कोडे उलगडले : तेलात असलेले ड जीवनसत्त्व उन्हात त्वचाही तयार करते.

४/
मुलांतील मुडदूस डोळ्यांना दिसतो. प्रौढ स्त्रीतील अस्थिमार्दव बहुधा बाळंतपणातच उघडे पडे. ड जीवनसत्त्व नसेल तर अन्नातील कॅल्शियम नीट शोषले जात नाही. त्यात प्रत्येक गर्भ आणि प्रत्येक अंगावरचे मूल आईच्या साठ्यातून आपला वाटा घेते. हाडे मऊ पडतात, कटिभाग दबून अरुंद होतो आणि प्रसूती अडते. शस्त्रक्रियेची सोय नसलेल्या ठिकाणी अडलेली प्रसूती म्हणजे अनेकदा आईचा किंवा बाळाचा मृत्यू.

५/
श्रीनगरच्या जनाना रुग्णालयात काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ मध्ये पडदापद्धती आणि मातृत्व या विषयावर पुस्तक लिहिले. शहरातील बंदिस्त घरांतल्या स्त्रियांची बाळंतपणे आणि नावांवर राहणाऱ्या कष्टकरी स्त्रियांची बाळंतपणे यांतील अंतर त्यांनी नोंदवले. नावेवरची स्त्री गरीब होती, पण तिच्या वाट्याला ऊन होते.

६/
तरीही हे पुस्तक वाचताना काळाचे भान हवे. आदल्याच वर्षी कॅथरीन मेयो यांचे 'मदर इंडिया' गाजले होते आणि भारतीय स्त्रीचे दुःख साम्राज्याच्या समर्थनासाठी वापरले जात होते. ब्रिटनच्या औद्योगिक शहरांतही मुडदूस होताच. तिथे मात्र धूर, चिंचोळ्या गल्ल्या आणि दाटीवाटीची घरे यांवर बोट ठेवले जाई. एकाच रोगासाठी तिथे शहर दोषी ठरले आणि इथे संस्कृती. पडद्याची सक्ती स्त्रीवर अन्याय करणारी होती, यात शंका नाही. पण अंधारी घरे काही एकाच समाजाची मिरास नव्हती.

७/
१९६० नंतर ग्लासगोत दक्षिण आशियाई स्थलांतरित कुटुंबांत मुडदूस व अस्थिमार्दव पुन्हा दिसू लागले. तेथे १९७९ मध्ये ड जीवनसत्त्व मोफत देण्याची मोहीम निघाली आणि मुलांतील मुडदूस घटला. नुसत्या उपदेशाने न होणारे काम सार्वजनिक व्यवस्थेने केले, हा या प्रकरणाचा धडा.

८/
गर्भावस्थेतील मधुमेहाचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. १९२२ मध्ये टोरंटोत इन्सुलिनचा उपचार सुरू होण्यापूर्वी मधुमेही स्त्रीचे गर्भारपण जिवावरचे असे. १९६४ मध्ये बोस्टनच्या ओ'सलिव्हन व महान यांनी गर्भावस्थेसाठी साखरेचे निकष मांडले. ते निकष, पुढे आईला मधुमेह होईल का, याचा अंदाज घेण्यासाठी होते. बाळाला होणारा धोका हा त्यांचा आधार नव्हता.

९/
या दोन वाटा अलीकडे एकमेकींना भेटल्या. २००८ मध्ये इराण व अमेरिकेतील अभ्यासांत ड जीवनसत्त्व कमी असलेल्या स्त्रियांत हा मधुमेह अधिक आढळला. परंतु २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या म्हैसूरच्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश गर्भवतींत ड जीवनसत्त्वाची उणीव असूनही तिचा मधुमेहाशी संबंध दिसला नाही. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. ज्या शरीराला हालचालीची उसंत नाही, त्याला बहुधा उन्हाचीही नसते.

१०/
म्हणून 'ड जीवनसत्त्व घ्या, मधुमेह टळेल' हे आश्वासन आज कोणी देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये प्रत्येक गर्भवतीला सरसकट ड जीवनसत्त्व देण्याची शिफारस केलेली नाही. ज्यांच्यात उणीव असण्याचा संशय आहे, त्यांना मात्र ते द्यावे, असे म्हटले आहे. हाडांसाठी ते अत्यावश्यकच आहे. मात्रा डॉक्टरांनी ठरवावी आणि साखरेची तपासणी स्वतंत्रपणे व वेळेवर व्हावी.

११/
राहता राहिले ऊन. आज अनेक घरांतून पडदा गेला, पण सावली गेलेली नाही. समोरच्या इमारतीने झाकलेली खिडकी, कुलूपबंद गच्ची, दिवसभर छताखालची पाळी, घरातच मशीनवर चालणारे शिवणकाम, एकट्या बाईने निवांत बसावे अशी मोकळी जागाच नसणे : हा आजचा जनाना आहे. अशा स्त्रीला 'उन्हात बसत जा' म्हणताना ती जागा आणि तो वेळ तिने कोठून आणावा, हेही सांगायला हवे.

१२/
दूध व खाद्यतेलात अ आणि ड जीवनसत्त्वे मिसळण्याचे मानक २०१८ पासून देशात आहे. ते ऐच्छिक आहे. ते सक्तीचे करायचे का, वस्तीत मोकळ्या जागा राखायच्या का, गरोदर कामगार स्त्रीला दिवसा सुटीचा तास द्यायचा का, हे निर्णय राज्यकर्त्यांचे, नगरपालिकांचे आणि मालकांचे आहेत. नाशिकच्या त्या निबंधाला शंभर वर्षे उलटून गेली. उणीव अजूनही बाईच्या रक्तात मोजली जाते. तिची कारणे मात्र घराच्या भिंतींत आणि कामाच्या तासांत शोधावी लागतील.