गोल्फचे मैदान आणि रुग्णालयाचा जिना

गोल्फ मी कधी खेळलेलो नाही. पण या खेळाच्या मैदानांचा एक नामांकित रचनाकार मुळात डॉक्टर होता, हे कळल्यापासून मला त्याच्याबद्दल कुतूहल आहे. ॲलिस्टर मॅकेन्झी. केंब्रिजमध्ये वैद्यकाचे शिक्षण, बोअर युद्धात सर्जन, मग लीड्समध्ये प्रॅक्टिस. दक्षिण आफ्रिकेत बोअर सैनिक आपले खंदक आसपासच्या जमिनीत असे बेमालूम मिसळत की समोरून ते दिसतच नसत. हे त्याने बारकाईने पाहिले आणि पुढे डॉक्टरकी सोडून मैदाने आखताना वापरले. जिथे १९३४ पासून मास्टर्स स्पर्धा होते, ते अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल त्याने आणि बॉबी जोन्सने मिळून आखले.

त्याच्या पठडीतली एक युक्ती पाहा. झेंड्याभोवतीची बारीक कातरलेली हिरवळ म्हणजे ग्रीन. तिच्या वीस-तीस यार्ड अलीकडे वाळूचा खड्डा, म्हणजे बंकर, खणायचा आणि त्याची पलीकडची कड थोडी उंच ठेवायची. कडेमागची सपाट जमीन खेळाडूला दिसत नाही, म्हणून बंकर ग्रीनला खेटूनच आहे असे वाटते. न दिसलेली जमीन डोळा हिशेबात धरत नाही. झेंडा जवळ भासतो आणि चेंडू अलीकडेच पडतो. आता लेझर यंत्राने नेमके अंतर कळते, पण आकडा कळला म्हणून डोळ्याला होणारा भास जात नाही.

दुसरी युक्ती भीतीची. मॅकेन्झीला दिसायला भयंकर, पण प्रत्यक्षात पार करता येण्याजोगे अडथळे आवडत. साध्या खेळाडूला तेवढाच पराक्रमाचा आनंद! पण 'तिकडे नको' हा विचारच कधी कधी चेंडू तिकडे नेतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चेंडू खळीच्या पुढे जाऊ देऊ नका, असे बजावून त्याच वेळी एक आकडा लक्षात ठेवायला सांगितले, तेव्हा चेंडू जास्तच पुढे गेले. वॉर्डात आजोबांना सतत 'पडाल हं, पडाल हं' म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी हा प्रयोग सांगतो. त्यांना तो फारसा आवडत नाही.

पडण्यावरून जिना आठवला. जिन्यावरून पडून खुब्याचे हाड मोडलेल्या आजी आमच्याकडे येतात. केसपेपरवर आम्ही लिहितो, 'घसरून पडल्या.' नातेवाईक म्हणतात, 'लक्ष नव्हतं.' जिन्याकडे कोणी पाहत नाही. पायऱ्या आणि खालची फरशी एकाच रंगाची, एकसारखी गुळगुळीत. डोळ्यांवर बायफोकल चष्मा, त्याचा खालचा भाग वाचण्यासाठी, म्हणजे पावलाजवळचे धूसर. शेवटची पायरी अजून बाकी आहे हे कळणार कसे? मॅकेन्झीने जे मुद्दाम, खेळाच्या आनंदासाठी केले, ते आम्ही सार्वजनिक इमारतींत नकळत करून ठेवले आहे. फटका चुकला तर गोल्फवाले निदान मैदान आखणाऱ्याच्या नावाने बोटे मोडतात. आम्ही थेट आजींना दोष देतो.

हाच भास उलटाही वापरता येतो. इंग्लंडमध्ये डेव्हिड एलियट आणि सहकाऱ्यांनी पायरीच्या उभ्या भागावर उभे पट्टे काढले आणि कडेला ठळक आडवी पट्टी दिली. पायरी होती त्याहून उंच भासली आणि चढणाऱ्यांनी पाऊल जरा जास्त उचलले. वयस्कर लोकांतही तसेच आढळले. ठेच लागणे टाळायला काही मिलिमीटरही पुरतात.

आपल्याकडे एवढे करायच्या आधी निदान प्रत्येक पायरीच्या कडेला उठून दिसणाऱ्या रंगाचा पट्टा तरी हवा. त्याला निविदा काढावी लागू नये. रंगाचा एक डबा पुरेल. फक्त रंगाऱ्याजवळ उभे राहावे. पट्टा अगदी कडेवर आला पाहिजे. सोयीसाठी तो दोन इंच आत ओढला, तर पायरीची कड तिथेच आहे असे डोळा धरून चालतो आणि पाऊल खऱ्या कडेला अडते.