माळा लावण्याआधी बोर्ड उघडा

गणपती तोंडावर आले आहेत. येत्या आठवड्यात घरोघरी माळ्यावरून दिव्यांच्या माळा उतरतील, मखराला फोकस लागेल, हॉलमधल्या एकाच बोर्डावर एक्स्टेंशन आणि त्या एक्स्टेंशनवर दुसरं एक्स्टेंशन असा कारभार सुरू होईल. त्याआधी एक काम करा, आणि या रविवारीच करा. ज्या बोर्डावर हा सगळा भार पडणार आहे, तो परवानाधारक वायरमनकडून उघडून घ्या आणि आतले न्यूट्रलचे जोड स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

फेजचे नाही, न्यूट्रलचे. फेजला सगळे घाबरतात, म्हणून लाल वायर स्विचच्या स्क्रूखाली नीट आवळली जाते. काळ्या वायरीला मात्र स्विचमध्ये जागाच नसते. दिव्याची काळी, पंख्याची काळी, मागून आलेली काळी, पुढच्या खोलीत जाणारी काळी, अशा चार-पाच वायरी एकत्र धरायच्या, पकडीने पिळा मारायचा, वर टेपचे चार वेढे आणि तो गठ्ठा पेटीत कोंबून झाकण लावायचं. पंचवीस वर्षं मी वायरमनचं काम करतो आहे, आणि हे मीही केलंय; उमेदवारीत असताना तर रोज केलंय. "न्यूट्रलला कुठे करंट असतो?" असं आमचे उस्तादच म्हणायचे.

असतो. फेजमधून जेवढा जातो, तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो. शिवाय आपल्याकडे न्यूट्रल एका बोर्डातून दुसऱ्या बोर्डात लूप करत नेतात, त्यामुळे पहिल्या बोर्डातल्या पिळ्यावर पुढच्या सगळ्या बोर्डांचा भार येतो. समजा, पुढे इस्त्री आणि मायक्रोवेव्ह मिळून 2000 वॅट चालू आहेत. 230 व्होल्टला करंट साधारण 8.7 अँपिअर होतो. पिळा सैल होऊन तिथे नुसता अर्धा ओहम अवरोध आला, तरी त्या एका जोडात सुमारे 38 वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची तापलेली सोल्डरिंग आयर्न बंद लाकडी पेटीत ठेवावी, तसा हा प्रकार. आणि 10 अँपिअरची एमसीबी हूं की चूं करत नाही, कारण तिच्या हिशेबाने करंट मर्यादेतच आहे. करंटची गळती पकडणारी आरसीसीबीही गप्प, कारण गेला तेवढा परत आला.

मागच्या महिन्यात एका काकूंनी बोलावलं. म्हणाल्या, "मिक्सर लावला की देवघरातला दिवा डोळे मिचकावतो हो." दोन वायरमन येऊन बल्ब बदलून गेले होते. मी बोर्डाच्या पट्टीवर हात ठेवला तर ती कोमट. मेन पाडून झाकण काढलं. टेप वितळून काकवीसारखा ओघळलेला, काळ्या वायरीचं प्लॅस्टिक करपून कडक झालेलं. वाकवायला गेलो तर पापडासारखं मोडलं. आतली तांब्याची तार काळीठिक्कर. पेटीच्या लाकडावर रुपयाएवढा जळका डाग. काकू बराच वेळ त्या डागाकडे बघत राहिल्या.

दिवा मिचकावणं, बोर्डातून चर्र आवाज येणं, पट्टी पिवळी पडणं, जळकट वास येणं, यातलं एकही लक्षण असेल तर रविवारचीही वाट बघू नका. तो बोर्ड आजच बंद ठेवा. कोकणात, समुद्राकाठी राहणाऱ्यांनी तर लक्षणांची वाटच पाहू नये. खारट दमट हवेत उघडा तांब्याचा पिळा हिरवा पडतो. जुन्या इमारतींत अॅल्युमिनियमच्या वायरीला तांब्याची वायर पिळलेली सापडते. तो जोड तर मुळातच नासका.

पिळा पुरता सुटला की आणखी एक फसवणूक होते. दिवा लागत नाही, म्हणून घरचा कोणी टेस्टर लावून बघतो, तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. "दोन्हीकडे फेज कसा आला?" आलाय तो चालू ठेवलेल्या दिव्यातून किंवा पंख्यातून फिरून. आता ती काळी वायर लालइतकीच जीवघेणी आहे, आणि "काळीच आहे" म्हणून नेमका तिलाच हात लागतो.

हे सगळं आत्ता सांगायचं दुसरं कारण म्हणजे स्मार्ट स्विच. बहुतेक स्मार्ट स्विचना स्वतःसाठी चोवीस तास न्यूट्रल लागतो. जिन्यातल्या किंवा बाथरूमबाहेरच्या छोट्या बोर्डात पुष्कळदा तो नसतोच. मग बसवणारा घाईत शेजारच्या खोलीचा न्यूट्रल ओढून आणतो. दोन सर्किटचे न्यूट्रल असे एकमेकांत मिसळले की एकाची एमसीबी पाडूनही त्याच्या न्यूट्रलमध्ये दुसऱ्याचा करंट खेळत राहतो. प्रत्येक सर्किटला वेगळी आरसीसीबी असेल तर ती सारखी पडते, आणि "सारखी पडते" म्हणून लोक तीच काढून टाकायला सांगतात! 30 मिलिअँपिअरची ती डबी माणसाचा जीव वाचवण्यासाठी आहे. ती पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये शोधा.

याहून वाईट म्हणजे अर्थिंगची हिरवी वायर न्यूट्रल म्हणून वापरणं. तुमच्या फ्रिजचं, वॉशिंग मशीनचं, गिझरचं अंग त्याच हिरव्या वायरीला बांधलेलं आहे. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला किंवा वाटेत जोड सुटला, की स्विचचा करंट फ्रिजच्या दाराशी येऊन थांबतो. कोणी "अर्थिंगवरून घेतो, चालतं" म्हणालं, तर त्याला तिथेच थांबवा.

थ्री फेज बंगलेवाल्यांनी मीटरजवळच्या मुख्य न्यूट्रलचा स्क्रूही तपासून घ्यावा. तो सुटला तर एखाद्या फेजवर 300 व्होल्टच्या वर दाब जाऊन टीव्ही-फ्रिज एका झटक्यात जातात.

काम करून घेताना मेन स्विच पाडा, आणि इन्व्हर्टर विसरू नका. मेन बंद असूनही इन्व्हर्टरने बोर्ड जिवंत ठेवलेला मी कितीदा बघितला आहे. पिळ्याऐवजी लिव्हर कनेक्टर लावायला सांगा: एका भोकात एकच वायर, कनेक्टरवर लिहिलेल्या मापाएवढंच टोक सोललेलं, तारेचा एकही केस बाहेर नाही. वायरी जास्त असतील तर पितळी न्यूट्रल लिंक लावा. करपलेलं टोक कापून ताज्या तांब्यापर्यंत यायचं. वायर आखूड पडली तर नवी ओढायची. कनेक्टर चांगल्या कंपनीचा आणि वायरीच्या मापाला बसणारा घ्या, दिव्यांना 1.5 आणि पॉवर सॉकेटला 2.5 चौरस मिलिमीटरची वायर बहुधा असते. खर्च? एका कनेक्टरला फार तर एका चहा-वडापावचा.

गावाकडे आई-वडील एकटे असतील तर सणाला जाताना सोबत चार कनेक्टर आणि तिथल्या वायरमनचा नंबर घेऊन जा. आणि वायरमन झाकण लावायला निघाला की त्याला जरा थांबवा. त्याला एकेक वायर ओढून दाखवायला सांगा, आतला फोटो मोबाइलवर काढा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख लिहा.